फुकटच्या जहाजाचा खर्च

शून्य यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. अरबी समुद्रातून मुंबईकडे येणाऱ्या मालवाहू जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या उंच खोलीत, त्या वेळी चार ते आठची पाळी चालू असते. पाळीवरचा अधिकारी रडारवरची नजर काढून काही मिनिटं हवामानाच्या नोंदीला देतो. बॅरोमीटर वाचायचा आणि गेल्या तीन तासांत तो किती चढला किंवा उतरला ते बघायचं. कोरड्या आणि ओल्या तापमापकाचे आकडे घ्यायचे. वारा कुठून आणि किती जोराचा, आभाळ किती अष्टमांश भरलंय, लाटा किती उंच, दोन शिखरांत किती सेकंदांचं अंतर, त्यांच्याखालून दूरच्या वादळातली लांब लाट येतेय का, पाण्याचं तापमान किती, हे सगळं नोंदवायचं. दर सहा तासांनी हाच क्रम. जहाज खासगी कंपनीचं, बॅरोमीटर बहुधा कुठल्यातरी देशाच्या हवामान खात्याचा, आणि या कामाचा पगार अधिकाऱ्याला कुणीच देत नाही.

हा व्यवहार १८५३ सालचा. अमेरिकेच्या नौदलातल्या मॅथ्यू मॉरीच्या आग्रहावरून ब्रसेल्सला दहा देशांची परिषद भरली आणि जहाजांनी नोंदी कशा ठेवायच्या याचा एक सामाईक नमुना तिथे ठरला. जहाजवाल्याने नोंदी द्यायच्या, सरकारने त्यातून वाऱ्यांचे आणि प्रवाहांचे नकाशे करून परत द्यायचे, असा साधा करार होता. समुद्रावर कायम हजर राहणं सरकारला कधीच परवडलेलं नाही. संशोधन जहाज महाग असतं, ते वर्षातले काही आठवडे एका पट्ट्यात फिरतं आणि परततं. व्यापारी जहाज मात्र त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जात असतं. म्हणून समुद्रनिरीक्षणाच्या प्रत्येक जाळ्यात उद्योग आणि सरकार एकमेकांना बांधलेले दिसतात.

या भागीदारीबद्दल बोलताना ‘जहाज फुकट मिळतं’ असं सर्रास म्हटलं जातं, आणि या क्षेत्रातले बरेचसे घोटाळे याच समजुतीतून निघतात असं माझं मत आहे. जहाज फुकट मिळतं, निरीक्षण मिळत नाही. त्याचा खर्च वेगळ्या खात्यावर पडतो, आणि ते खातं सरकारने भरलं नाही तर आकडे येत राहतात पण त्यांचा अर्थ लागत नाही.

बॅरोमीटरचंच घ्या. समुद्रसपाटीजवळ आठेक मीटर वर गेलं की हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. मोठ्या जहाजाचा ब्रिज पाण्यापासून ४० मीटर उंच असेल, तर तिथला आकडा समुद्रसपाटीच्या दाबापेक्षा पाच हेक्टोपास्कल कमी येणार. ही दुरुस्ती सगळेच करतात. अडचण पुढची आहे. मोठा तेलवाहू टँकर भरून येतो तेव्हा वीस मीटरच्या वर पाण्यात बसलेला असतो आणि रिकामा जाताना त्याच्या निम्माच. म्हणजे त्याच जहाजावरचा, त्याच भिंतीवरचा बॅरोमीटर एका फेरीत दहा मीटरने वर-खाली होतो. अधिकाऱ्याने उंचीचा एकच आकडा कायमचा धरला तर दाबात एक हेक्टोपास्कलहून जास्त चूक शिरते. उन्हाळी दुपारी एवढ्याने फारसं बिघडत नाही. पण अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होत असतो आणि शंभर-दीडशे मैलांत एखादंच जहाज असतं, तेव्हा त्या एका आकड्यावर वादळाचं केंद्र कुठे मांडायचं हे ठरतं.

म्हणून बंदर हवामान अधिकारी नावाचं पद असतं. आपल्या हवामान खात्याचे असे अधिकारी मुंबईसह मोठ्या बंदरांत असतात. जहाज धक्क्याला लागलं की हा माणूस प्रमाणित बॅरोमीटर घेऊन वर चढतो, दोन्ही आकडे शेजारी ठेवून ताडतो, फरकाची आणि तारखेची चिठ्ठी उपकरणावर डकवतो. ओल्या तापमापकाचं फडकं मिठाने कडक झालं असेल तर बदलतो, कारण कडक फडकं पाणी धरत नाही आणि आर्द्रता जास्त दिसते. मग ब्रिजची उंची, वाऱ्याचं यंत्र कुठे बसवलंय, पाण्याचं तापमान कुठल्या पद्धतीने घेतात, हे सगळं लिहून नेतो. ही माहिती जागतिक हवामान संघटनेच्या ४७ क्रमांकाच्या प्रकाशनात जाते आणि ते १९५५ पासून चालू आहे. बंदरात आता जहाज काही तासच थांबतं. रात्री दोनला लागून सकाळी सुटणाऱ्या जहाजावर हा अधिकारी पोचू शकला नाही, तर पुढचे काही महिने त्या जहाजाची प्रत्येक नोंद थोडी संशयास्पद राहते. अंदाजपत्रकात कात्री लावायची वेळ आली की पहिली याच पदांवर लागते, आणि मला ती सगळ्यात महागात पडणारी बचत वाटते.

निरोपाचंही बिल असतं. उपग्रहावरून नोंद पाठवताना जहाज कोड ४१ लावतं, मग ती थेट हवामान खात्याकडे जाते आणि जहाजाला पैसे पडत नाहीत. ज्या देशाच्या भू-केंद्रावर निरोप उतरतो, त्या देशाचं हवामान खातं ते पैसे भरतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं हे केंद्र पुणे जिल्ह्यातल्या आर्वीला होतं. नोंद जगभर वापरली जाणार आणि बिल एकाने भरायचं, ही रचना मुळातच लंगडी होती.

त्यात २००७ च्या सुमारास एक नवी भीती आली. नोंदीत जहाजाची ओळख आणि जागा दोन्ही असतात आणि त्या जगभर खुल्या असतात. चाच्यांना आयतीच माहिती मिळते म्हणून जहाज कंपन्यांनी हात आखडता घेतला. तोडगा निघाला तो ओळख झाकण्याचा: खुल्या जाळ्यात जहाजाचं खरं चिन्ह जात नाही. पण ओळख झाकली की ही नोंद कुठल्या बॅरोमीटरची, तो किती उंचीवर, हेही झाकलं जातं. त्यामुळे खरी यादी हवामान संस्थांनी वेगळी जपून ठेवावी लागते. उद्योगाची भीती खरी होती, आणि ती खरी मानून काम केलं म्हणूनच जहाजं टिकली.

पाण्याच्या तापमानाची गोष्ट याहून बोधक आहे. पूर्वी दोरीला कॅनव्हासची बादली बांधून पाणी काढत आणि त्यात तापमापक बुडवत. बादली डेकवर येईपर्यंत वाऱ्याने थोड्या पाण्याची वाफ होते आणि उरलेलं थंड होतं. दुसरी पद्धत म्हणजे इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान वाचायचं. ते इंजिनरूमच्या उष्णतेने थोडं जास्त येतं. दुसऱ्या महायुद्धात नोंदींमध्ये अमेरिकी जहाजांचा वाटा वाढला, आणि त्यांचा भर इंजिनच्या पाण्यावर होता. १९४५ मध्ये युद्ध संपलं आणि बादलीवाली ब्रिटिश जहाजं परतली. जगाच्या समुद्राचं सरासरी तापमान त्या वर्षी एकदम ०.३ अंशाच्या आसपास कोसळल्यासारखं दिसतं. समुद्र थंड झाला नव्हता, मोजणारे बदलले होते. हे नीट उलगडून २००८ मध्ये छापून आलं, म्हणजे साठ वर्षांनी. कुठल्या जहाजाने कसं मोजलं हे तेव्हाच लिहिलं असतं तर ती साठ वर्षं वाचली असती.

पृष्ठभागाखाली जायचं तर जहाज थांबवावं लागतं, आणि मालवाहू जहाज कुणासाठी थांबत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे एक्सबीटी, एकदाच वापरायचा तापमानशोधक. जस्ताच्या नाकाड्याचा छोटा गोळा, नाकात तापमानसंवेदक, आणि केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची दोन रिळं. एक रीळ गोळ्यात, एक जहाजावरच्या डब्यात. दोन्हीकडून तार सुटत राहते, म्हणून जहाज वीस नॉटने धावत असलं तरी गोळा सरळ खाली जातो. मागच्या डेकवर, वारा ज्या बाजूने जहाज सोडून जातो त्या बाजूला उभं राहून सोडायचा, नाहीतर तार जहाजाच्या अंगाला घासते आणि आलेखावर काटे येतात. तारेचं वेष्टण कुठे निघालं तर पाण्याशी संपर्क होऊन तापमान अचानक चढलेलं दिसतं. गोळे उन्हात ठेवलेले असतील तर पहिल्या तीन-चार मीटरचे आकडे सोडून द्यावे लागतात. दोनेक मिनिटांत गोळा साडेसातशे मीटरवर पोचतो, तार तुटते, काम संपतं. गोव्याच्या दोना पावलाजवळची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था चेन्नई, पोर्ट ब्लेअर आणि कोलकाता यांमधल्या प्रवासी जहाजांवरून १९९० च्या दशकापासून असे गोळे सोडत आली आहे. बंगालच्या उपसागराचं त्या वाटेवरचं पोट आपल्याला त्यामुळेच वर्षानुवर्षं दिसत राहिलं.

या गोळ्यात खोली मोजायचं कुठलंही साधन नाही. स्वस्त राहावा म्हणून दाबाचा संवेदक त्यात घातलेलाच नाही. तो किती वेगाने पडतो हे माहीत आहे असं धरायचं आणि घड्याळावरून खोली काढायची. कारखान्याचं मूळ सूत्र होतं: सेकंदांना ६.४७२ ने गुणा, आणि त्यातून सेकंदांच्या वर्गाची ०.००२१६ पट वजा करा. १९९५ मध्ये ते सुधारून ६.६९१ आणि ०.००२२५ केलं गेलं. ११८ सेकंदांनंतर जुनं सूत्र सांगतं ७३४ मीटर, नवं सांगतं ७५८. चोवीस मीटरचा फरक. शंभर मीटरच्या आसपास तो साडेतीन मीटरचा असतो. पण तिथे तापमान दहा मीटरला एक अंश उतरत असेल, तर तेवढ्यानेच अंशाचा तिसरा हिस्सा चुकतो. सुधारित सूत्र जाहीर झाल्यावरही जुन्या आणि नव्या सूत्राच्या नोंदी एकाच साठ्यात येत राहिल्या, आणि प्रत्येक नोंदीला कुठलं सूत्र लावलंय याची खूण असेलच असं नव्हतं. काही ठिकाणी दुरुस्ती झालीच नाही, काही ठिकाणी दोनदा झाली.

याचा फटका २००६ साली बसला. २००३ ते २००५ मध्ये जगाचा समुद्र थंड झाला, असा निष्कर्ष एका शोधनिबंधात आला. त्याच काळात नोंदींचा भार एक्सबीटीकडून आर्गो या स्वयंचलित तरंगयंत्रांकडे सरकत होता. एक्सबीटीचे आकडे जास्तीच्या बाजूला झुकलेले, आणि आर्गोतल्या काही यंत्रांनी तापमानाला चुकीचा दाब जोडल्यामुळे ते कमीच्या बाजूला झुकलेले. उष्ण झुकावाचे आकडे कमी होत गेले, थंड झुकावाचे वाढत गेले, आणि जोडून पाहिलं तर समुद्र थंड. २००७ मध्ये त्याच गटाने दुरुस्ती जाहीर केली. मला त्यांचं कौतुक वाटतं, कारण तपासणी त्यांनी स्वतः केली. ती करता आली याचं कारण एवढंच की कुठलं यंत्र कुणी बनवलं, त्यात कुठला संवेदक, कुठला नियंत्रक, हे नोंदलेलं होतं.

आर्गोमध्ये उद्योगाची भूमिका जहाजवाल्यापेक्षा निराळी आहे. तो वाट देत नाही, यंत्र विकतो. माणसाच्या उंचीचा नळा, एक हजार मीटरवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी दोन हजारांवर उतरतो आणि वर येताना तापमान, क्षारता, दाब मोजत येतो. तीन हजार यंत्रांचं उद्दिष्ट २००७ मध्ये गाठलं गेलं, आता चार हजारांच्या घरात आहेत, आणि हिंदी महासागराचा हिशेब हैदराबादच्या इन्कॉईस या समुद्रमाहिती केंद्राकडे आहे. यंत्रं वेगवेगळ्या देशांची, पण त्यांच्या डोक्यावरचा मोजणीसंच बहुतेक सगळ्यांत एकाच अमेरिकी कंपनीचा. यात फायदा मोठा आहे: सगळा महासागर एकाच मापाने मोजला जातो. धोकाही त्याच मापाचा आहे. २००९ मध्ये लक्षात आलं की दाबसंवेदकातलं तेल सूक्ष्म गळतीने निसटतंय आणि यंत्र स्वतःला आहे त्यापेक्षा उथळ समजतंय. खोलचं थंड पाणी वरच्या पातळीवर नोंदलं गेलं की समुद्र पुन्हा थंड दिसणार.

एरवी ही चूक सापडली असती. यंत्र पृष्ठभागावर आलं की दाब शून्य हवा. उणे आला तर तेवढी दुरुस्ती करता येते. पण एका जुन्या नियंत्रकात असं लिहून ठेवलं होतं की पृष्ठभागावरचा उणे आकडा शून्य धरायचा. लिहिणाऱ्याला तो गोंगाट वाटला असणार. त्या एका ओळीमुळे शेकडो यंत्रांच्या बाबतीत चूक किती, हे सांगायचं साधनच उरलं नाही. त्या नोंदींवर शेवटी एक खूण लावावी लागली, दुरुस्त न करता येणाऱ्या म्हणून. कंपनीने तक्रार दाबली नाही, प्रयोगशाळांनी यंत्रं सोडणं थांबवलं, संवेदक परत गेले. खरेदीच्या करारात आकड्यांची अचूकता सगळेच लिहितात. कच्चा आकडा न गाळता बाहेर द्यायचा, ही अट त्याहून महत्त्वाची आहे असं मी म्हणेन.

चांगलं चाललेलं उदाहरण हवं असेल तर ‘ओलिअँडर’ बघावं. न्यू जर्सी आणि बर्म्युडा यांच्यात दर आठवड्याला जाणारं साधं कंटेनर जहाज. बर्म्युडाला भाजीपाल्यापासून सगळं बाहेरून लागतं, म्हणून ते चुकत नाही, आणि वाटेत गल्फ स्ट्रीम हा मोठा सागरी प्रवाह आडवा येतो. १९७७ पासून त्यावरून एक्सबीटी सोडले जातात, १९९२ मध्ये तळाशी ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारं यंत्र बसलं. सुरुवातीला छळलं ते बुडबुड्यांनी. हलक्या भाराने, खवळलेल्या समुद्रात जहाजाचं नाक आपटलं की हवेचा थर तळाखालून मागे सरकतो आणि यंत्र आंधळं होतं. भर हिवाळ्यातले कितीतरी आठवडे असे गेले. कंपनीने नवं जहाज बांधायला घेतलं तेव्हा शास्त्रज्ञांना आराखड्याच्या टप्प्यावरच सोबत घेतलं, आणि २०१९ मध्ये सेवेत आलेल्या त्या जहाजाच्या तळात या यंत्रांच्या जागा मुळापासून धरलेल्या आहेत. चालू जहाजाच्या तळाला भोक पाडायचं तर जहाजाच्या मजबुतीचा दाखला देणाऱ्या वर्गीकरण संस्थेची परवानगी आणि सुक्या गोदीची वाट पाहावी लागते. बांधतानाच जागा ठेवली तर तो सगळा त्रास वाचतो. बहुतेक जहाजांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. जहाज विकलं जातं, नाव बदलतं, दुसऱ्या मार्गावर जातं, आणि वीस वर्षांची रांग एका व्यवहारात तुटते. करार एका जहाजाशी न करता कंपनीच्या मार्गाशी करावा, हा शहाणपणा इथूनच आला.

आता मासेमारी. आपल्या किनाऱ्याला यातलं सगळ्यात जवळचं तेच आहे.

अमेरिकेच्या मेन आखातात २००१ पासून शेवंड्यांच्या पिंजऱ्यांना तापमापक बांधले जातात. सुरुवातीला ते दर तासाला आकडा साठवत आणि मोसम संपला की परत पाठवले जात. न्यूझीलंडमध्ये गेल्या काही वर्षांत मासेमारी नौकांवर एक सुटसुटीत संवेदक पसरला. जाळ्याला किंवा दोरीला अडकवायचा. पाण्यात गेला की आपोआप चालू होतो, तापमान आणि दाब नोंदतो, वर आला की ब्लूटूथने डेकवरच्या डब्याला आकडे देतो. डबा सौर पॅनेलवर चालतो, त्यात जीपीएस असतं, मोबाइलचं जाळं लागलं की सगळं पाठवून मोकळा. खलाशाने एकही बटण दाबायचं नाही. हे चैनीखातर केलेलं नाही. जाळं वर येत असताना डेकवर कुणाचाच हात मोकळा नसतो, आणि हाताने करायची एक जरी पायरी ठेवली तरी दुसऱ्या आठवड्यात ती विसरली जाते.

चुकतं ते जागेच्या हिशेबात. जीपीएस नौकेवर आहे, संवेदक पाण्यात. ट्रॉलचं जाळं नौकेमागे ओढलं जातं, तेव्हा नौकेची जागा तीच साधारण जाळ्याची. पण पिंजरा किंवा नांगरलेलं जाळं टाकून नौका निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी येते. मधल्या वेळचे तळाचे आकडे नौकेच्या जागेला जोडले तर ते बंदरातल्या धक्क्यावर मांडले जातात. म्हणून प्रत्येक डब्यात साधन कुठल्या जातीचं आहे ते आधी भरावं लागतं, आणि नौकेने साधन बदललं की ते बदलावं लागतं. दुसरं म्हणजे संवेदकाला नवं तापमान घ्यायला वेळ लागतो. जाळं भराभर वर खेचलं की वरच्या गरम पाण्यातही तो खालचाच गारवा सांगत राहतो. तळावर स्थिर असतानाचे आकडे चांगले, चढतानाचे जपून वापरायचे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यासाठी एक उत्तम साधन आयतं आहे: डोल. वसई, अर्नाळा, वर्सोवा या पट्ट्यात डोल जाळं खुंटाला बांधून भरती-ओहोटीच्या ओढीवर लावतात. खुंट मोसमभर एकाच जागी असतो. त्याला बांधलेला संवेदक म्हणजे ठरलेल्या जागेवरचं स्थानक. सरकारने तिथे स्वतःचा बोया ठेवला तर तो नांगर, दुरुस्ती आणि तोडफोड यांत अडकतो. खुंटाची राखण मात्र ज्याची रोजीरोटी त्यावर आहे तोच करतो. आणि तळाचे आकडे आपल्याला हवेच आहेत. इन्कॉईस मासे कुठे मिळण्याचा संभव आहे ते रोज कळवतं, पण त्याचा आधार उपग्रहाने पाहिलेलं पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्याचा रंग. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तळाच्या पाण्यातला प्राणवायू फार कमी होतो. गोव्यात कांदोळीसमोर ठरलेल्या ठिकाणी समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून हे सातत्याने मोजलंय. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला यातलं काही कळत नाही. केप कॉडच्या उपसागरात सप्टेंबर २०१९ मध्ये पिंजऱ्यांतून मेलेल्या शेवंडी निघाल्या, तेव्हा कारण हेच होतं, आणि नंतर तिथे पिंजऱ्यांवर प्राणवायूचे संवेदक बसले.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि वादळाचा इशारा आला की नौका बंदरात. ज्या आठवड्यांत आकडे सगळ्यात जास्त हवेत, त्याच आठवड्यांत हे जाळं गप्प असणार. त्यामुळे सरकारी बोये काढून त्यांच्या जागी नौका, असा हिशेब कुणी मांडत असेल तर तो चुकीचा आहे.

सगळ्यात नाजूक भाग विश्वासाचा. तांडेलाची मासे मिळण्याची जागा हे त्याचं भांडवल असतं. ती जागा कुणाला किती बारकाईने आणि किती दिवसांनी दिसेल, हे करारात मराठीत, त्याला वाचता येईल अशा शब्दांत लिहिलेलं हवं. दंड आणि कारवाई करणाऱ्या खात्याकडे हे आकडे जाणार नाहीत, हेही त्यात हवं. संवेदकाच्या नोंदीवरून एका जरी नौकेवर कारवाई झाली, तर त्या बंदरातला प्रत्येक संवेदक महिन्याभरात ‘जाळ्यातून निसटून’ समुद्रात जाईल, आणि त्यात मला काही गैर वाटणार नाही. बदल्यात तांडेलाला काही मिळायलाही हवं: काल त्याच्याच खुंटापाशी तळाचं पाणी किती गार होतं, ते त्याच्या फोनवर त्याच संध्याकाळी.

विश्वासाऐवजी सक्तीचाही मार्ग आहे आणि एका ठिकाणी तो चालला. मेक्सिकोच्या आखातात खोल पाण्यातल्या तेलविहिरींना लूप करंट या सागरी प्रवाहाच्या भोवऱ्यांचा त्रास होतो. प्रवाह जोरात आला की ड्रिलिंग थांबवावं लागतं. कंपन्या प्रवाह मोजत होत्याच, पण आकडे स्वतःपाशी ठेवत. २००५ मध्ये अमेरिकी नियामकाने खोल पाण्यातल्या तरंगत्या फलाटांना प्रवाह मोजून ते खुले करायचा आदेश दिला. कुणाचा व्यापार बुडाला नाही. मुंबई हाय किनाऱ्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत आहे, आणि तिथले फलाट तळात रोवलेले आहेत. तौक्ते वादळात, १७ मे २०२१ ला, त्याच भागात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसं गेली. त्या समुद्रातल्या वाऱ्याचा आणि लाटेचा प्रत्येक आकडा त्याच तासाला सगळ्यांना खुला असावा, असं मला मनापासून वाटतं. बसवताना काळजी घ्यावी लागते: वाऱ्याचं यंत्र डेरिकच्या, म्हणजे ड्रिलिंगच्या मनोऱ्याच्या, आडोशाला नको, तापमापक जळत्या ज्योतीच्या वाऱ्याखाली नको, लाटांचं रडार नैर्ऋत्येच्या बाजूला बाहेर काढलेल्या आधारावर हवं, नाहीतर ते फलाटाच्या पायांवर फुटलेल्या लाटाच मोजत बसतं.

पुढची मोठी भागीदारी समुद्रतळावरच्या इंटरनेटच्या केबलींची आहे. जगात दहा लाख किलोमीटरहून जास्त केबल पसरली आहे आणि तिच्यावर दर साठ ते शंभर किलोमीटरवर प्रकाशाला नवा जोर देणारा रिपीटर असतो. त्यात वीज असते, वाटही असते. तिथेच तापमान, दाब आणि हादरे मोजणारे संवेदक बसवायचे, ही कल्पना तीन आंतरराष्ट्रीय संस्थांचा गट २०१२ पासून पुढे नेतोय. पोर्तुगाल लिस्बन, अझोर्स आणि मदेरा यांना जोडणारी सुमारे ३,७०० किलोमीटरची अशी केबल टाकतोय. दूरसंचार कंपन्यांची पहिली अट रास्त आहे: संवेदक बिघडला तरी केबल बंद पडता कामा नये. दुसरी अडचण कायद्याची. केबल टाकायला दुसऱ्या देशाच्या समुद्रातल्या आर्थिक क्षेत्रातून वाट मिळते, पण तिथे समुद्रविज्ञानाचं संशोधन करायचं तर त्या देशाची संमती लागते. संवेदक बसला की केबल यातलं नेमकं काय, यावर वकिलांचं एकमत नाही, आणि कंपन्यांना परवान्याच्या उशिराची भीती वाटते. तिसरी गोष्ट मोजणीची. केबल पंचवीस वर्षांसाठी असते आणि संवेदक काढून तपासता येत नाही. दाबसंवेदक तळावर वर्षाला काही सेंटिमीटरने सरकत जातो. त्सुनामी ओळखायला याची अडचण नाही, ती काही मिनिटांतली हालचाल असते. समुद्राची पातळी वाढतेय का, हे मात्र तेवढ्यावरून सांगता येणार नाही.

२८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला आणि त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या. आज अरबी समुद्राच्या तळावरून येणाऱ्या कितीतरी केबली मुंबईच्या किनाऱ्यावर चढतात, वर्सोव्याला त्यांची गर्दी आहे. त्यातल्या नव्या केबलींत संवेदक असावेत अशी अट आपल्याला घालायची असेल, तर ती किनाऱ्यावर उतरायची परवानगी देतानाच, मार्गाचं सर्वेक्षण सुरू होण्याआधी घालावी लागेल. त्यासोबत पंचवीस वर्षं आकडे कोण तपासणार, त्याचे पैसे कुठल्या खात्यातून जाणार, हेही त्याच कागदावर लिहावं लागेल. रिपीटरचं कवच कारखान्यात एकदा बंद झालं की त्यात काही घालता येत नाही.